दुसऱ्याच्या भिंतीचा विमा

पावसाळ्यात इगतपुरीत धुकं उतरलं, की कसारा घाटातून वर आलेल्या गाड्या दिवसाही दिवे लावून चालतात. समजा, अशा वेळी तुमची मोटार घसरली आणि रस्त्याकडेच्या वडापावच्या टपरीत घुसली. माणसं वाचली, पण टपरी गेली, मागची भिंतही खचली. भरपाई कोणी करायची?

दोष तुमचा, तर भरपाईही तुमचीच. तुमच्या वतीनं पैसे देते विमा कंपनी. तुम्ही पहिला पक्ष, कंपनी दुसरा, टपरीवाला तिसरा. म्हणून हा 'थर्ड पार्टी' विमा. १९८८च्या मोटार वाहन कायद्यानं तो सक्तीचा आहे. त्यातून तुमच्या गाडीची दुरुस्ती होत नाही. तुमचंच फाटक पाडलंत, तर त्याचेही पैसे मिळत नाहीत.

खरी मेख पुढे आहे. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या भरपाईला मर्यादा असते. खासगी मोटारीसाठी ती सहसा ७ लाख ५० हजार रुपये, दुचाकीसाठी १ लाख. पण हप्त्यात थोडी सूट घेऊन ती अवघ्या ६,००० वर आणलेली असू शकते. तेवढ्यात आज टपरी उभी राहत नाही. वरचा बोजा तुमच्या खिशावर. तुम्ही टाळलात, तर टपरीवाल्याच्या चुलीवर.

म्हणून आजच पॉलिसीचा कागद काढा, हा आकडा वाचा. अपघात झालाच तर पळू नका. पोलिसांना आणि कंपनीला कळवा, पंचनामा करून घ्या, कंपनीला न विचारता परस्पर तडजोड करू नका.

गाडी आपली असते, रस्ता सगळ्यांचा. हप्ता भरताना त्या टपरीवाल्याचीही आठवण ठेवू या.