झाडांच्या छाटणीची कामं कशी मिळतात?
मुंबई-पुण्यात वादळी पावसात फांदी गाडीवर कोसळली की छाटणीवाल्याचा फोन खणखणू लागतो. पण तेव्हा खोडं निसरडी असतात, घाई असते आणि जिवाला धोका असतो. म्हणून ग्राहक गाठायचा तो फेब्रुवारी-मार्चमध्येच, आणि गाठायचं सोसायटीच्या सचिवांना. आवारातल्या झाडांची निगा सोसायटीकडे असते. खर्चाला समितीची मंजुरी मिळेपर्यंत आठवडे जातात.

लोक अडतात ते परवानगीपाशी. नागरी भागातल्या झाडांना १९७५चा वृक्ष संरक्षण कायदा लागू आहे. ‘तोडणे’ याच्या व्याख्येत झाडाला इजा करणंही येतं, त्यामुळे छाटणीआधीही महापालिकेची परवानगी घ्यावी लागते. २०२१च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं व त्याहून जुनी झाडं ‘वारसा वृक्ष’ ठरली आहेत. अर्ज भरायला मदत करणारा, पोकळ बुंधा नि वाळकी फांदी प्रत्यक्ष दाखवणारा, आणि गरज नसेल तिथे ‘हे झाड राहू द्या’ असं सांगणारा माणूस सचिवांच्या लक्षात राहतो. शेजारच्या सोसायटीत त्याचंच नाव जातं. जाहिरातीपेक्षा हे मोलाचं.

आणि कृपा करून आपल्या धंद्याची पाटी झाडाला खिळे ठोकून लावू नका.