चकाकीखालची बॉनव्हिल

‘पूर्ण रेस्टोअर केलेली’ असं म्हणून जुनी ट्रायम्फ बॉनव्हिल विकायला निघते, तेव्हा बघणाऱ्याची नजर आधी टाकीवर जाते. जाणारच. पण या गाडीत सगळ्यात शेवटी बघावं असं काही असेल, तर तो टाकीचा रंग. रंग पैसे मोजले की मिळतो.

१९५६ साली जॉनी ॲलनने अमेरिकेतल्या युटा राज्यात, बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर, ट्रायम्फच्या ६५० सीसी इंजिनावर ताशी २१४ मैलांचा वेग गाठला. आंतरराष्ट्रीय मोटरसायकल संघटनेने विक्रम मानला नाही. कंपनीने नाव मात्र उचललं. १९५९च्या मॉडेलांत दोन सिलिंडरांच्या इंजिनाला दोन कार्ब्युरेटर देऊन बॉनव्हिल टी१२० बाजारात आली. १२० हा मैलांतला वेग, आणि त्यात जाहिरातीचाही थोडा वारा होता.

इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीजवळच्या ट्रायम्फच्या मेरिडन कारखान्यात इंजिनावर आणि चेसिसवर एकच नंबर ठोकत. दोन्ही नंबर जुळले की पत्रिका जुळली असं खरेदीदार मानतो, आणि पत्रिका तर बनवूनही मिळते! ट्रायम्फची टीआर६ ही एका कार्ब्युरेटरची भावंड. तिच्यावर बॉनव्हिलचं हेड चढवायचं, नंबराची जागा घासून नवे आकडे ठोकायचे, की झाली बॉनव्हिल. म्हणून १९६९च्या सुमारास कारखान्याने त्या जागी आधी ट्रायम्फच्या छोट्या चिन्हांची नक्षी उमटवून वर नंबर ठोकायला सुरुवात केली. जागा घासली की नक्षी जाते. त्याआधीच्या गाडीसाठी कारखान्याच्या रवानगीच्या नोंदी तपासाव्या लागतात.

खरी मेख क्रँकशाफ्टच्या पोटात असते. या इंजिनाला आजच्यासारखा कागदी ऑइल फिल्टर नव्हता, नुसत्या तारेच्या जाळ्या. उरलेला गाळ क्रँक फिरताना बाहेर फेकला जाऊन आतल्या एका नळीत साठतो. तिला ‘स्लज ट्रॅप’ म्हणतात. ती तुंबली की बिग एंड बेअरिंगला ऑइल मिळत नाही, आणि बेअरिंग जातं. ती साफ करायला सगळं इंजिन उघडावं लागतं, त्यामुळे रंगावर खर्च करणारे पुष्कळ जण नेमकं हेच काम टाळतात. उघडलेल्या क्रँकचे फोटो विक्रेत्याकडे नसतील, तर इंजिन उघडण्याचा खर्च किमतीतून वजा करूनच बोलावं.

नटबोल्टही बघावेत. जुन्या इंग्रजी नटांना व्हिटवर्थ मापाचे पाने लागतात. मिलिमीटरचा पाना जेमतेम बसतो आणि कडा खातो. गोल झालेले नट दिसले, की आत कोणाचा हात फिरला असेल ते कळतं.

मेरिडनचा कारखाना १९८३मध्ये बंद पडला. ट्रायम्फचं नाव उद्योजक जॉन ब्लूर यांनी विकत घेऊन इंग्लंडमधल्याच हिंकलीत पुन्हा उभं केलं. २०२३पासून ट्रायम्फची ४०० सीसी गाडी पुण्याजवळ चाकणला, बजाजच्या कारखान्यात तयार होते. पण जुन्या बॉनव्हिलला ऑइल गळतं, ल्युकस कंपनीचे दिवे रुसतात, गिअर उजव्या पायाला असतो, तरी लोक तिच्यासाठी घसघशीत रक्कम मोजतात. मला त्यात वेडेपणा दिसत नाही. मात्र घासूनपुसून नवी केलेल्या गाडीपेक्षा, मूळ रंगाचे पोपडे उडालेली पण प्रामाणिक गाडी मी आधी निवडीन.

बघायला जाल तेव्हा इंजिन थंड आहे ना, हे हात लावून पाहा. आधीच तापवून ठेवलेली गाडी एका किकमध्ये सुरू होतेच. बरेच दिवस उभी असेल तर ऑइल खाली क्रँककेसमध्ये उतरलेलं असतं, म्हणून सुरुवातीचा धूर माफ. मग ऑइलच्या टाकीचं झाकण काढून आत डोकावा: परतीच्या नळीतून ऑइल टाकीत पडताना दिसलं, की किमतीचं बोलायला बसा.