एक खेळाडू, दोन दफ्तरे : बुद्धिबळ-मानांकनाविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात वाढणारा एखादा मराठी मुलगा सुटीत पुण्यास आजोळी येतो, येथील स्पर्धेत नाव नोंदवितो, आणि अमेरिकन संघटनेच्या दफ्तरी त्याच्या नावापुढे १८५० चा आकडा असताना जागतिक महासंघाच्या यादीत मात्र १७५० च कसे, असा प्रश्न बाहेर ताटकळणाऱ्या पालकवर्गात निघाला, की त्याचा निकाल सहसा एकाच वाक्यात लागतो : 'तिकडे गुण खिरापतीसारखे वाटतात.' याच तर्काने कोणी इंग्लंडमधील जुनी यादी चाळली आणि तेथील नामांकित खेळाडूच्या नावापुढे २०० हा आकडा पाहिला, तर तो गृहस्थ नवशिका असावा असेही त्याने समजावे. हे दोन्ही समज चुकीचे आहेत, आणि दोहोंच्या बुडाशी असलेली चूक एकच आहे : मानांकनाचा आकडा हा खेळाडूच्या अंगच्या विद्येचे माप आहे, ही समजूत. वस्तुतः तो एका विशिष्ट समुदायातील त्याच्या स्थानाचा निर्देश आहे. समुदाय बदलला की आकड्याचा अर्थही बदलतो.

राष्ट्रीय पद्धती म्हणजे आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या कमअस्सल नकला होत, असे गृहीत धरणारेही पुष्कळ आढळतात. कालक्रम याच्या नेमका उलट आहे. 'फिडे' या नावाने ओळखला जाणारा जागतिक महासंघ १९२४ साली पॅरिस येथे स्थापन झाला खरा, परंतु खेळाडूंना आकडे देण्याचा उद्योग त्याने १९७० पर्यंत अंगीकारला नव्हता. तत्पूर्वी १९४८ साली जर्मनीत आंटोन होस्लिंगर याने इंगोलश्टाट या आपल्या गावावरून 'इंगो' नाव दिलेली पद्धती सुरू केली होती, आणि तीत आकडा जितका लहान तितका खेळाडू मोठा असा उफराटा शिरस्ता होता. १९५० साली अमेरिकेत केनेथ हार्कनेस याची पद्धती आली. १९५८ साली इंग्लंडमध्ये रिचर्ड क्लार्क याने आपली योजना प्रसिद्ध केली. आणि मिलवॉकी येथील मार्केट विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकविणारा, जन्माने हंगेरियन असलेला आर्पाद एलो याने हार्कनेसच्या पद्धतीतील उणिवा दूर करण्यासाठी संख्याशास्त्राच्या पायावर जी रचना सिद्ध केली, ती १९६० साली प्रथम अमेरिकन संघटनेने आणि त्यानंतर दहा वर्षांनी जागतिक महासंघाने स्वीकारली. आज ज्यास आपण आंतरराष्ट्रीय म्हणून मान देतो, ती पद्धती मुळात एका राष्ट्राच्या घरची आहे.

यांपैकी क्लार्कच्या योजनेपाशी थोडे थांबले पाहिजे, कारण दोन पद्धतींची तुलना तिच्यावाचून नीट उमगत नाही. हे सर रिचर्ड क्लार्क ब्रिटिश अर्थखात्यातील वरिष्ठ अधिकारी. तत्पूर्वी वृत्तपत्री व्यवसायात असताना १९३५ साली लंडनच्या शेअरबाजाराचा जो तीस कंपन्यांचा प्रसिद्ध निर्देशांक सुरू झाला, त्याच्या रचनेतही त्यांचा हात होता. निर्देशांक घडविणाऱ्या माणसाने खेळाडूंचाही निर्देशांक घडवावा हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे. त्यांचा नियम इतका सुटसुटीत होता, की क्लबाच्या चिटणिसाने तो लिफाफ्याच्या पाठीवर चालवावा : डाव जिंकला तर प्रतिस्पर्ध्याच्या अंकात ५० मिळवायचे, हरला तर ५० वजा करायचे, बरोबरी झाली तर प्रतिस्पर्ध्याचा अंक जसाच्या तसा घ्यायचा, आणि हंगामातील सर्व डावांची सरासरी काढायची. म्हणजे १६० अंकांच्या खेळाडूस हरविणाऱ्याच्या पदरी त्या डावापुरते २१० पडत, त्याच्याशी हरणाऱ्याच्या पदरी ११०. अंतर ४० हून अधिक असेल तर ते ४० च धरावे अशी पुरवणी होती. ती नसती तर दुबळ्या प्रतिस्पर्ध्यास हरवूनही बलाढ्य खेळाडूची सरासरी खाली आली असती.

आता या साध्या नियमाच्या पोटात दडलेला अर्थ पाहा. क्लार्कच्या हिशेबात २५ अंकांनी वरचढ असलेल्या खेळाडूने शंभर डावांत ७५ गुण मिळवावेत अशी अपेक्षा आहे. एलोच्या तक्त्यात २०० गुणांनी वरचढ असलेल्याकडून ७६ ची अपेक्षा आहे. इंग्लंडचा एक अंक म्हणजे एलोचे सुमारे आठ गुण, हा जुना प्रघात येथूनच आला : इंग्रजी अंकास ८ ने गुणावे, त्यात ६०० मिळवावे, आणि जागतिक मानांकनाचा अंदाज बांधावा. या रीतीने इंग्लंडमधील २०० म्हणजे २२००, अर्थात जवळजवळ मास्टर दर्जाचा खेळाडू. तीन आकडी संख्या पाहून नाक मुरडणाऱ्यास ही गोष्ट ठाऊक नसते.

तथापि सूत्र हाती आले म्हणजे भाषांतर बिनचूक झाले, हाही एक गैरसमजच. मेट्रिक पद्धती येण्यापूर्वी आपल्याकडे पेठेपेठेचा शेर निराळा असे; तरी कोणत्याही शेराचे वजन एकदा तोलून घेतले की त्याचा हिशेब किलोत मांडता येई, कारण धान्य तेच राहत होते. मानांकनात तसे होत नाही, कारण येथे तोलणारा आणि तोलला जाणारा असे दोन पक्षच नाहीत. खेळाडू एकमेकांनाच तोलीत असतात. इंग्लंडमध्ये खालच्या श्रेणीतील अंक काळाच्या ओघात वाजवीपेक्षा खाली घसरले आहेत असे दिसून आल्यावर २००९ साली तेथील संघटनेने सर्व अंकांची फेरआकारणी केली. पुढे रूपांतराचे सूत्रही बदलून ७.५ ने गुणून ७०० मिळविण्याचे झाले. २०० अंकांच्या खेळाडूस दोन्ही सूत्रांनी २२०० च मिळतात, पण १०० अंकांच्या खेळाडूस पहिल्याने १४०० आणि दुसऱ्याने १४५० मिळतात. शिवाय अशी सूत्रे पुष्कळ खेळाडूंच्या सरासरीवरून बसविलेली असतात. एकट्यादुकट्याच्या बाबतीत ती शेकड्याने चुकू शकतात. अखेर २०२० साली याच सूत्राने सर्व अंक चार आकडी करून इंग्लंडने मासिक मानांकनाचा अवलंब केला, आणि क्लार्कच्या पद्धतीची सहा दशकांची कारकीर्द संपली.

हा पालट केवळ बाह्य रूपाचा नव्हता. क्लार्कचा अंक हा सरलेल्या हंगामाचा गोषवारा असे आणि दीर्घकाळ वर्षातून एकदाच प्रसिद्ध होई. त्यामुळे शरद ऋतूत ज्या मुलाचा खेळ बहरला, त्याची सरकारदरबारी नोंद पुढच्या उन्हाळ्यात होई. एलोची पद्धती म्हणजे चालू खाते : प्रत्येक डावात अपेक्षेहून जेवढे अधिक किंवा उणे मिळाले, त्यास ठरावीक गुणकाने गुणून खाती जमा किंवा नावे टाकायचे, आणि जागतिक महासंघाच्या दफ्तरी २०१२ पासून दरमहा यादी काढायची. हा गुणकही सर्वांस सारखा नाही. नवख्यांना आणि २३०० च्या खालील अठरा वर्षांच्या आतील मुलांना तो ४०, इतरांना सामान्यतः २०, आणि एकदा २४०० गाठलेल्यांना १०. एकाच पराक्रमाने मुलगा वडिलांच्या दुप्पट वर चढतो, तो या कारणाने.

समुदायाचे महत्त्व किती, हे पाहावयाचे असल्यास क्लॉड ब्लडगुडचे प्रकरण पाहावे. व्हर्जिनियातील तुरुंगात जन्मठेप भोगणारा हा कैदी इतर कैद्यांशी असंख्य डाव खेळत राहिला, बाहेरच्या खेळाडूंशी संबंध जवळजवळ नव्हताच, आणि १९९६ साली त्याचे अमेरिकन मानांकन २७०० च्या पलीकडे जाऊन तो देशाच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर झळकला. हिशेबात खोट काढण्यास जागा नव्हती. त्या भिंतींच्या आत ते आकडे खरेच होते. बाहेरच्या ग्रँडमास्टरांशी त्यांचा काही संबंध नव्हता, एवढेच.

आता अमेरिकेच्या खिरापतीचे. तेथील आकडा जागतिक आकड्याहून बहुधा काहीसा चढा राहत आला, हे खरे. पण त्याचे श्रेय औदार्यास देणे अन्यायाचे होईल. कारणे अनेक आहेत, त्यांतील एक मात्र विशेष मनोरंजक. अमेरिकेत निरनिराळ्या श्रेणींसाठी रोख बक्षिसांच्या मोठ्या स्पर्धा भरतात, आणि मुद्दाम हरून आकडा खाली आणायचा व मग खालच्या श्रेणीत येऊन बक्षीस लाटायचे, ही लबाडी तेथे पूर्वापार चालत आली. तिला पायबंद म्हणून संघटनेने तळाची मर्यादा घातली : खेळाडूने गाठलेल्या कमाल आकड्यातून २०० वजा करून खालच्या शतकापर्यंत उतरायचे, त्याखाली त्याचा आकडा जाऊ द्यायचा नाही. १९४० गाठलेला मनुष्य म्हणूनच १७०० खाली येत नाही. परंतु तळावर बसलेला खेळाडू हरला तर त्याचे गुण जात नाहीत, आणि जिंकणाऱ्यास मात्र मिळतात. असे गुण शून्यातून निर्माण होऊन संपूर्ण समुदायात झिरपतात. चोरावर बसविलेल्या पहाऱ्यास दानधर्म समजण्यातला हा प्रकार आहे.

आणि जागतिक मानांकन तरी कोठे अचल आहे? आरंभी त्यात २२०० च्या खाली सामान्यतः प्रवेश नव्हता; ती पायरी उतरत उतरत २०१२ साली १००० पर्यंत आली. १९८७ च्या आरंभी महासंघाने सुझान पोल्गार वगळून सर्व स्त्री-खेळाडूंच्या खाती प्रत्येकी १०० गुण जमा केले. स्त्रिया बहुधा आपसांतच खेळत असल्याने त्यांचा समुदाय पुरुषांच्या मानाने खाली बसला आहे, असे कारण देण्यात आले. ते कारण कितपत सयुक्तिक होते यावर वाद झाला, आणि तो योग्यच होता. सुझान पोल्गार त्या वेळी आघाडीवर होती, ती या फर्मानाने मागे पडली. अलीकडे मार्च २०२४ मध्ये महासंघाने २००० च्या खालील प्रत्येकास त्याच्या तुटीच्या दोन-पंचमांश गुण बहाल केले आणि किमान पायरी १४०० वर नेली. १५०० चा खेळाडू एका रात्रीत १७०० चा झाला, १००० चा १४०० चा. पटावर एक प्यादेही हलले नव्हते. पालकवर्गाच्या चर्चेत जी रूपांतराची कोष्टके अजून फिरतात, त्यांतील २०२४ पूर्वीची सर्व या एका निर्णयाने रद्दी झाली.

हा निर्णय का घ्यावा लागला, याचे कारण आपल्या दाराशी आहे. आपल्याकडे खेळाडूची पत जागतिक 'रेटिंग'वरच ठरते, आणि '१६०० च्या खालील' स्पर्धांना गावोगाव झुंबड उडते. शिकाऊ मुले कमी आकड्याने प्रवेश करतात, वर्षभरात त्यांचा खेळ दुणावतो, पण ती आपसांतच खेळत असल्याने गुण एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात जातात. समुदायाचे एकूण सामर्थ्य वाढते, गुणांची बेरीज वाढत नाही. अशा मुलांपैकी कोणी युरोपात उतरला म्हणजे तेथील १९०० चा प्रौढ खेळाडू समोरच्या १५०० च्या भारतीय पोरास पाहून धास्तावतो, तो अकारण नव्हे. 'अनरेटेड' या शिक्क्यासही खेळाच्या कसाचा वास लावण्यात अर्थ नाही : मानांकित खेळाडूंशी किमान पाच डावांची नोंद अजून झालेली नाही, इतकेच त्यातून कळते.

राहता राहिली किताबाची गोष्ट. ग्रँडमास्टर म्हणजे २५०० चे मानांकन, असे सर्रास म्हटले जाते. नियम असा, की २५०० एकदा गाठावे लागते, आणि त्याशिवाय बलवान स्पर्धांत २६०० च्या तोडीची कामगिरी करून निकष पुरे करावे लागतात, जे सामान्यतः तीन असतात. मात्र काही स्पर्धांचे विजेतेपद थेट किताब मिळवून देते. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बातुमी येथे कोनेरू हम्पीस नमवून महिला विश्वचषक जिंकला आणि ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली, तेव्हा तिचे मानांकन २५०० च्या खालीच होते. उलटपक्षी, उतारवयात २३०० पर्यंत घसरलेल्या ग्रँडमास्टराकडून कोणी सनद परत मागत नाही. ती तहहयात असते.