पाहुणी अभ्यासाला येते तेव्हा

समजा, उद्या तुमच्या दारात विशीतली एक परदेशी मुलगी आली आणि मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "काकू, हळद कशी शिजवतात ते मला तुमच्याकडून शिकायचंय," तर तुम्ही काय कराल? आधी चहा टाकाल, ते तर झालंच. पण मग आपल्यातल्या बऱ्याच जणी म्हणतील, "अगं बाई, आम्हाला काय येतंय! आमच्या ह्यांना विचार." मैत्रिणींनो, आजचा लेख या शेवटच्या वाक्याबद्दल आहे.

अमेरिकेतल्या पुष्कळ कॉलेजांत अशी सोय असते की, पदवीचा अभ्यास चालू असतानाच विद्यार्थ्याने काही महिने परक्या देशात राहायचं, तिथली भाषा शिकायची आणि आपण निवडलेल्या एका लहानशा विषयाचा स्वतंत्र अभ्यास करून निबंध लिहायचा. संशोधन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर प्रयोगशाळा येते. इथे मात्र ओसरी, स्वयंपाकघर, बाजार आणि देऊळ हीच प्रयोगशाळा.

आपल्या पुण्याने हे अनेक वर्षं पाहिलं आहे. 'असोसिएटेड कॉलेजेस ऑफ द मिडवेस्ट' या अमेरिकन कॉलेजांच्या संघाचा उपक्रम साठीच्या दशकाच्या अखेरीस तिथे सुरू झाला. मुलंमुली मराठी शिकत, पुणेकर कुटुंबांत राहत आणि प्रत्येक जण आपापला प्रकल्प करी. डॉ. आंबेडकरांच्या चळवळीच्या अभ्यासक एलिनॉर झेलियट यांचं नाव या उपक्रमाशी जोडलेलं आहे. त्या ज्या कार्लटन कॉलेजात शिकवत, त्याच कॉलेजात शिकलेल्या गेल ऑम्व्हेट १९६३ साली प्रथम भारतात आल्या. पुढे त्यांनी महाराष्ट्रातल्या ब्राह्मणेतर चळवळीवर पीएच.डी. केली आणि सांगली जिल्ह्यातल्या कासेगावच्या सूनबाई होऊन २०२१ मध्ये जाईपर्यंत तिथल्याच राहिल्या. अभ्यासाला आलेली पाहुणी कधी कधी अशी घरचीच होऊन जाते!

आता तुम्ही म्हणाल, हे तिकडच्यांचं झालं, आपल्याकडचं कोणी असं गेलं का? गेलं ना! आनंदीबाई जोशी १८८३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, नवऱ्याशिवाय बोटीने अमेरिकेला गेल्या. त्यांना घरात ठेवून घेणाऱ्या मिसेस कार्पेंटर या न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या एक साध्या गृहिणी. दाताच्या डॉक्टरांकडे थांबलेल्या असताना एका मासिकात त्यांनी या जोडप्याविषयी वाचलं आणि आपण होऊन पत्र टाकलं. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. १८८६ साली डॉक्टर होताना आनंदीबाईंनी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय होता हिंदू लोकांतलं प्रसूतिशास्त्र. परदेशात शिकताना विषय मात्र त्यांनी आपल्या माहेरचा, बायकांच्या जिवाशी निगडित असा निवडला. पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ ला, क्षयाने त्या गेल्या. त्यांची रक्षा कार्पेंटर मावशींकडे पाठवली गेली आणि त्या कुटुंबाच्या दफनभूमीत तिला जागा मिळाली. त्या माउलीने घर उघडलं नसतं, तर आपल्या आनंदीबाईंना परक्या मुलखात कोणाचा आधार होता?

म्हणून सांगते, अशी पाहुणी आली तर नुसती सरबराई करू नका, तिला शिकवा. आमच्या डोंगरकड्याच्या भागात केळी आणि हळद ही पिकं. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आनंदच आहे. पण हळद शिजली हे कसं ओळखायचं? कढईत फेस येतो, वाफेला हळदीचा वास सुटतो, हळकुंडात काडी सहज शिरते. कमी शिजली तर रंग बिघडतो, जास्त शिजली तरी बिघडतो. हे कळायला कित्येक हंगाम धुरात उभं राहावं लागतं. ही माहिती त्या मुलीला निबंधात लागते, आणि ती आपल्याकडे आहे. मग "आम्हाला काय येतंय" असं का म्हणायचं?

घरात तिला ठेवून घेणार असाल, तर एवढं लक्षात ठेवा:

पहिलं म्हणजे, परदेशी पाहुणा घरी राहायला आला की २४ तासांच्या आत त्याची नोंद सरकारी कार्यालयाकडे करावी लागते. ती ऑनलाइन होते. आळस करू नका.

सुरुवातीचे आठ दिवस तिखट बेताचं ठेवा आणि पाणी उकळून द्या. पण वेगळं ताट, वेगळा स्वयंपाक नको. भाकरी थापायला तिला शेजारी बसवा. वाकडी झाली तर हसा आणि तीच तिला वाढा.

तिच्याशी मराठीतच बोला. आपलं इंग्रजी सुधारायची संधी म्हणून तिचं मराठी बुडवू नका.

सोवळं-ओवळं, पाळी, जात याबद्दल ती विचारील. आपल्याला अवघड वाटलं तरी खोटं सांगू नका. सांगायचं नसेल तर "हे नको विचारूस" म्हणण्याचा हक्क आपल्याला आहेच.

फोटो किंवा आवाज टिपण्याआधी तिने विचारलं पाहिजे, आणि निबंध झाला की त्याची एक प्रत आपल्याला दिली पाहिजे. आपलं ज्ञान घेऊन जाणाऱ्याने एवढं देणं लागतंच.

आणि हो, परदेशच कशाला? नव्या शैक्षणिक धोरणानंतर आपल्याकडच्या पदवीच्या मुलामुलींनाही क्षेत्र प्रकल्प आला आहे. पुष्कळ मुली तो इंटरनेटवरून उतरवून मोकळ्या होतात. तुमची लेक बी.ए.ला असेल तर तिला सांगा, बाई गं, आधी आजीजवळ बस. गी प्वातवें आणि हेमा राइरकर यांनी खेड्यातल्या बायकांना बरोबर घेऊन जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, तर त्या एक लाखाहून अधिक भरल्या! गाणाऱ्या बायका कोणी पदवीधर नव्हत्या. विचारणारं कोणी भेटलं, म्हणून त्या ओव्या राहिल्या.

विषय लहान घ्यायला सांगा. 'मराठवाड्यातील स्त्रीजीवन' नको, 'आमच्या गल्लीतल्या पाच सासवांची उन्हाळी वाळवणं' पुरे. तारीख टाकून वही लिहावी, सांगणारीचे शब्द जसेच्या तसे उतरवावेत, आणि लिहून झालं की तिला वाचून दाखवावं. चुकलं असेल तर ती लगेच सांगते. उद्या ही सवय घेऊन लेक पुण्याला गेली काय किंवा परदेशी गेली काय, तिला काही अवघड जाणार नाही.

येत्या सुट्टीत एक शंभर पानी वही आणून ठेवा. पहिला प्रश्न लेकीने तुम्हालाच विचारू दे, आणि "आमच्या ह्यांना विचार" न म्हणता उत्तर द्या.