करी रोड ते माटुंगा : रविवारची पायी फेरी

रविवार सुट्टीचा, असे सगळेच म्हणतात. पण आपल्या घरात तो नेमका कुणाच्या सुट्टीचा, हे एकदा विचारून पाहावे. बाप उशिरा उठतो, मुले टीव्हीपुढे बसतात आणि घरातली बाई सकाळपासून मटण, भाकरी, भात, वर आठवड्याचे धुणे यांत बुडालेली असते. ती कामावर जाणारी असेल तर रविवार म्हणजे तिची दुसरी पाळीच. म्हणून आमचे म्हणणे असे की, महिन्यातला एक तरी रविवार चूल बंद ठेवावी आणि सगळ्या घराने पायी बाहेर पडावे. मटणवाल्यांनी रागावू नये, बाकीचे रविवार त्यांचेच आहेत.

मुंबईत राहणाऱ्यांसाठी एक वाट सुचवतो. सकाळी आठच्या आत करी रोड स्टेशनला उतरावे आणि भारतमाताच्या नाक्यावर यावे. इथे 'लाडू सम्राट'ची कोथिंबीर वडी आणि साबुदाणा वडा प्रसिद्ध आहे. दोघांत एक प्लेट पुरे, कारण पुढे पुष्कळ खायचे आहे. लालबागच्या चिवडा गल्लीतून अर्धा किलो चिवडा पिशवीत टाकावा. उन्हाळ्याचे दिवस असतील तर मिरची गल्लीतूनही एक फेरी मारावी. ब्याडगी किती, संकेश्वरी किती, धणे किती यावर बायका दुकानदाराशी वाद घालत असतात, डंकावर मसाला कुटला जात असतो आणि रस्त्याने जाणारा प्रत्येकजण शिंकत असतो. वर्षाचा मसाला कसा होतो, हे पाकिटातली पूड पाहिलेल्या मुलांना इथे दिसते.

हे गिरणगाव. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि नंतर चिमण्यांच्या जागी टॉवर आले. त्याआधी गावाकडून एकटा आलेला कामगार गाळ्यात पथारी टाकायचा आणि जेवायचा खानावळीत. खानावळ म्हणजे कुणा बाईचे दहा बाय दहाचे घर! महिन्याच्या हिशेबावर ती दहा-पंधरा गड्यांना दोन वेळ जेवू घालायची आणि दाणागोट्यासाठी सावकाराच्या दारात उभी राहायची. या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली 'अन्नपूर्णा महिला मंडळा'त एकत्र आणले व बँकेचे कर्ज मिळवून दिले. या भागात 'बाहेरचे जेवण' ते हेच, हे मुलांच्या कानावर घालावे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर रस्त्याने पुढे परळला यावे. इथल्या बी. आय. टी. चाळीत ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांत बाबासाहेब १९१२ पासून बावीस वर्षे राहिले. चाळ कुणालाही विचारावी, दाखवतात. लंडनहून बॅरिस्टर होऊन आलेला माणूस याच चाळीत राहिला, याच जिन्याने चढला-उतरला. अभ्यासाला वेगळी खोली नाही म्हणून कुरकुरणाऱ्या मुलाला काही बोलू नये, नुसते इथे आणावे. मात्र चाळीत माणसे राहतात. दारात गर्दी करून फोटो काढत बसू नये.

परळ ते दादर हा टप्पा रुक्ष आहे. डोक्यावर पूल, शेजारी मोटारींचा धूर. लहान मूल बरोबर असेल तर सरळ बस धरावी. दादर टी.टी.ला उतरून गाडीवरचा वडापाव, तोही अर्धा-अर्धा. मग हिंदू कॉलनीत वळावे. झाडांच्या सावलीत 'राजगृह' उभे आहे. १९३४ च्या सुमारास बाबासाहेब परळची चाळ सोडून इथे राहायला आले. हे घर त्यांनी बांधले ते मुख्यतः ग्रंथांसाठी. तिथून चालत फाइव्ह गार्डन्स. बाके आहेत, झाडे आहेत, पैसा लागत नाही. अर्धा तास पाय पसरून बसावे, आजीचे गुडघेही तेवढ्यात विसावतात.

भूक लागली की माटुंगा स्टेशनजवळ रामा नायक यांचे 'उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग' गाठावे. १९४२ पासूनचे. केळीच्या पानावर जेवण असते, भाज्या, सांबार, रसम, भात, दही. रविवारी रांग लागते, तेवढा धीर हवा. भाव आधी विचारून घ्यावा. माणसे जास्त आणि पैसे बेताचे असतील तर जवळच 'राम आश्रय' आहे, १९३९ चे. तिथे इडली, उपमा आणि वाफाळलेल्या कॉफीवर घरातली सगळी तृप्त होतात.

आमच्या ओळखीतल्या कित्येक वयस्क बायका अशा हॉटेलच्या दारातच थबकतात. "तुम्ही जाऊन या, मी इथं थांबते," म्हणतात. ही सवय आपोआप लागलेली नाही. गावाकडच्या हॉटेलात आपल्या माणसांची कपबशी बाहेर, वेगळी ठेवलेली असे, आणि चहा पिऊन ती आपणच विसळून ठेवावी लागे. २६ जानेवारी १९५० ला अमलात आलेल्या घटनेच्या पंधराव्या कलमात दुकाने आणि उपाहारगृहे सर्वांना खुली, असे स्पष्ट लिहिले आहे. तेव्हा आईला हाताला धरून आत न्यावे, पंख्याखाली बसवावे आणि सांबार पुन्हा तिलाच मागायला लावावे.

परतताना मेगाब्लॉकची वेळ आधी पाहून ठेवावी, नाहीतर सगळा आनंद फलाटावर आटतो. आणि संध्याकाळी घरी पोचल्यावर चहा पुरुषाने टाकावा. लालबागचा चिवडा पिशवीत आहेच.