दऱ्यांचा दर्या कसा झाला?

बालमित्रांनो, एक सोपा प्रश्न विचारते. आपल्या वाशीम जिल्ह्यात समुद्र आहे का?

हसू नका! नाही हे मलाही माहीत आहे. पण आमच्या शाळेच्या पुस्तकात तो छापला जाणार होता. अगदी थोडक्यात वाचलो! कसं ते सांगते.

आमची शाळा छोट्या गावातली. दरवर्षी मुलं हस्तलिखित काढतात. गोष्टी, अनुभव, चित्रं, कोडी, सगळं त्यांचंच. या वेळी आम्ही ठरवलं, ते छापायचं. चोवीस पानांचं पुस्तक, आणि प्रकाशन २६ जानेवारीला, सगळ्या गावासमोर. नवे लेख मी लॅपटॉपवर टाईप केले. काही जुन्या गोष्टी आमच्या आधीच्या सरांनी पूर्वीच टाईप करून ठेवल्या होत्या, त्याही घेतल्या आणि सगळं तालुक्याच्या गावी छपाईला दिलं.

आठ दिवसांनी प्रूफ आलं. प्रूफ म्हणजे छापण्याआधी तपासायला दिलेली कच्ची प्रत. मुलं तिच्यावर तुटून पडली. आणि मग एकेक तक्रार सुरू झाली.

“मॅडम, या गोष्टीत नुसते इंग्रजी अक्षरं न् कंस आहेत!”

“मॅडम, माझ्या मथळ्यात हा चौकोन कशाचा?”

“माझ्या ओळीतल्या वेलांट्याच कापल्या!”

सगळ्यात शेवटी चौथीतली एक मुलगी आली. एरवी बडबडी, पण आज गप्प. तिने लिहिलं होतं, ‘आमच्या गावामागच्या दऱ्यांत पावसाळ्यात झरे वाहतात.’ प्रुफात होतं, ‘गावामागच्या दर्यांत’.

“मॅडम, आपल्या गावामांगं दर्या कुठी हाये? मी असं नाही लिवलं.”

दरी म्हणजे दोन डोंगरांमधली खोल जागा. तिचं अनेकवचन दऱ्या. आणि दर्या म्हणजे समुद्र! एका रेघेच्या फरकाने तिच्या गावामागचे झरे समुद्रात गेले होते. तिचे डोळे भरून आले. मी म्हटलं, “पुस्तक तुमचं आहे. तुम्ही जे लिहिलं तेच छापलं जाईल. पण आधी ही गडबड होते कशी, ते शोधू या.”

खिळे जुळवण्याचे दिवस

अक्षरं नीट बसवायची ही खटपट फार जुनी आहे. आपलं वाशीम म्हणजे पूर्वीचं वत्सगुल्म, वाकाटक राजांची राजधानी. त्या काळी राजाज्ञा तांब्याच्या पत्र्यावर कोरत. वाकाटकांच्या बऱ्याच ताम्रपटांत अक्षरांच्या डोक्यावर छोटे छोटे चौकोन दिसतात. एक अक्षर चुकलं तर? तिथलं तांबं ठोकून सपाट करायचं आणि पुन्हा कोरायचं!

पुढे छपाई आली. १८०५ साली बंगालमधल्या श्रीरामपूर इथे विल्यम कॅरी यांचं मराठी व्याकरणाचं पुस्तक छापलं गेलं. त्यात मराठी शब्द देवनागरी खिळ्यांनी छापले होते. खिळा म्हणजे धातूचा छोटा ठोकळा, त्याच्या टोकावर उलटं अक्षर. मुंबईत जावजी दादाजी यांनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. तिथली सुबक देवनागरी अक्षरं देशभर नावाजली गेली.

पण देवनागरीत एक अडचण होती. इंग्रजीत छोटी-मोठी मिळून बावन्न अक्षरं. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांटी, उकार, रफार आणि क्ष, ज्ञ, श्र, द्ध, त्त अशी जोडाक्षरं! खिळे शेकड्यांनी लागत. लोकमान्य टिळकांनीही खिळ्यांची संख्या कमी कशी करता येईल, याचा विचार केला होता. हे खिळे एकेक उचलून ओळ तयार करणारा तो जुळारी. त्याच्या बोटांना कुठल्या घरात कोणता खिळा आहे, ते न बघता कळे.

आता जुळाऱ्याची जागा संगणकाने घेतली. पण खिळ्यांच्या जागी त्याच्याकडे काय असतं? नंबर!

अक्षरांचे नंबर

संगणकाला क, ख, ग काही कळत नाही. प्रत्येक अक्षराला एक नंबर दिलेला असतो, तेवढाच त्याला कळतो. त्या नंबराला कोणतं चित्र काढायचं, हे सांगतो फॉन्ट. म्हणजे नंबर हा हजेरीपटातला क्रमांक आणि फॉन्ट हा फोटोंचा अल्बम असं समजा.

पूर्वीच्या फॉन्टमध्ये जास्तीत जास्त २५६ घरं असत. त्यातली बरीच इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची. मग मराठी फॉन्ट करणाऱ्यांनी युक्ती केली. इंग्रजी अक्षराच्या घरात मराठी अक्षराचं चित्र बसवलं. पण प्रत्येकाने आपापल्या मनाने! एकाने ज्या घरात ‘क’ ठेवला, तिथे दुसऱ्याने ‘भ’ ठेवला. तो फॉन्ट जवळ असेपर्यंत सगळं छान. तो नसलेल्या संगणकावर फाईल उघडली की मूळ इंग्रजी अक्षरं आणि कंस बाहेर येतात. आमच्या जुन्या गोष्टीचं नेमकं हेच झालं होतं. सर ज्या फॉन्टवर टाईप करत, तो छपाईवाल्यांकडे नव्हता. गोष्ट हरवली नव्हती, तिचा अल्बम हरवला होता.

यावर जगाने उपाय काढला तो युनिकोडचा. त्याची पहिली आवृत्ती १९९१ साली आली. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा, कायमचा नंबर. देवनागरीला २३०४ ते २४३१ अशी १२८ घरं मिळाली. ‘क’ म्हणजे २३२५, मग तुम्ही वाशीमला असा नाहीतर लंडनला. विंडोजमध्ये अनेक वर्षं मिळत आलेला ‘मंगल’ हा युनिकोड फॉन्ट मुंबईचे सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवला होता.

मग चौकोन कुठून आला? नंबर बरोबर आहे, पण फॉन्टच्या अल्बममध्ये त्याचं चित्रच नाही, तर संगणक रिकामा चौकोन काढतो. आमच्या मथळ्यात ‘ॲम्ब्युलन्स’ शब्द होता. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये घर मिळालं २००८ साली. मथळ्याचा नक्षीदार फॉन्ट त्याआधीचा, त्याला बिचाऱ्याला ‘ॲ’ माहीतच नव्हता!

या चौकोनांना संगणकवाले गमतीने टोफू म्हणतात. टोफू म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर. त्याच्या वड्या अशाच पांढऱ्या, चौकोनी. आपल्याकडे शेतोशेती सोयाबीन असतं, तेव्हा हा शब्द आपल्या पोरांना लगेच पाठ झाला. एका फॉन्टच्या कुळाचं नावच ‘नोटो’ आहे, ‘नो टोफू’ यावरून. म्हणजे चौकोन दिसणारच नाही, असा त्याचा बेत!

ओळींची पंगत

आता कापलेल्या वेलांट्या. इंग्रजी अक्षरं बहुतेक एका मजल्यावर राहतात. आपली अक्षरं तीन मजली: वर मात्रा, वेलांटी, रफार, मध्ये अक्षर आणि खाली उकार. ‘गर्दी’ आणि ‘कुत्रा’ एकाखाली एक आले की वरच्याचे पाय आणि खालच्याचं डोकं यांची टक्कर! खिळ्यांच्या काळात दोन ओळींमध्ये शिशाच्या पातळ पट्ट्या घालत. आम्ही संगणकात ओळींमधलं अंतर वाढवलं. वेलांट्या परत आल्या.

आणखी एक दोष होता. दोन्ही कडा सरळ ठेवायच्या म्हणून काही ओळींत शब्दांमध्ये मोठी भगदाडं पडली होती. मराठीत ‘विद्यार्थ्यांसाठीसुद्धा’ यासारखे लांबलचक शब्द. तो एक शब्द ओळीत मावला नाही की पूर्ण खालच्या ओळीत जातो आणि वरचे उरलेले शब्द हात ताणून उभे राहतात. अशी भगदाडं ओळींमागून ओळी खाली उतरली की पानावर पांढरी नदी वाहताना दिसते. छपाईतले लोक तिला नदीच म्हणतात!

याचा विचार एका फार मोठ्या माणसाने केला आहे. अमेरिकेतले गणिती डोनाल्ड क्नुथ. संगणकावरच्या त्यांच्या अनेक खंडांच्या ग्रंथाची १९७७ साली नवी प्रुफं आली. छपाईची पद्धत बदलली होती आणि पानं त्यांना कुरूप वाटली. ते नुसते चिडून बसले नाहीत. पानं जुळवणारी व्यवस्था त्यांनी स्वतःच लिहायला घेतली. तिचं नाव ‘टेक’. थोड्या महिन्यांत होईल वाटलेलं काम पुरं व्हायला दहाएक वर्षं लागली!

टेकची युक्ती पंगतीसारखी आहे. एखादा वाढपी येईल त्याला बसवत सुटतो. पहिली ओळ गच्च, दुसरीत तिघेच लांब लांब. हुशार वाढपी आधी सगळे पाहुणे पाहतो आणि मग कोणत्या ओळीत कोण, ते ठरवतो. साधा प्रोग्रॅम एकेक ओळ भरत जातो. टेक पूर्ण परिच्छेद पाहून ठरवतो, ओळी कुठे तोडल्या म्हणजे सगळ्याच नीट दिसतील. अक्षरं म्हणजे पेट्या आणि मधल्या जागा म्हणजे थोडा ताणणारा, थोडा आवळणारा डिंक, अशी त्याची कल्पना.

टेकमध्ये देवनागरीही आली. १९९१ साली नेदरलँड्समधल्या फ्रान्स वेल्टहाउस यांनी तिच्यासाठी देवनागरी अक्षरं तयार केली. २००४ साली जोनाथन क्यू यांच्या ‘झीटेक’पासून तर युनिकोडमधला मजकूर थेट देता येऊ लागला.

आमच्याकडे टेक नव्हता. मग आम्ही साधा उपाय केला. एका पानावर दोन अरुंद रकाने होते, त्यांचा एकच रुंद रकाना केला आणि उजवी कड मोकळी सोडली. नदी आटली!

माझीही एक चूक सापडली. मथळे मध्यभागी आणायला मी स्पेसची कळ टकाटक दाबली होती. फॉन्ट बदलला की प्रत्येक मथळा वेगळ्याच जागी पळे. मध्यभागी आणायचं स्वतंत्र बटण असताना! सगळ्या स्पेस पुसल्या, तेव्हा कुठे मथळे जागेवर बसले.

दऱ्या परत आल्या

आता राहिली दरी. मला वाटलं, दोष छपाईवाल्यांचा. माझी फाईल उघडून पाहिली, तर तिथेच ‘दर्यांत’! म्हणजे चूक माझीच. मी र, हलन्त, य असं टाईप केलं होतं. अशा वेळी संगणक र उचलून य च्या डोक्यावर रफार करून ठेवतो. सूर्य, कार्य, आचार्य यांत ते बरोबर आहे. पण दऱ्या, वाऱ्या, पुढाऱ्या यांत र डोक्यावर चढत नाही. तो य च्या आधी आडव्या, वळलेल्या रेघेसारखा बसतो. मराठीत हा फरक अर्थ बदलतो. आचाऱ्याला बोलावलं तर स्वयंपाकी येईल, आचार्याला बोलावलं तर गुरुजी!

युनिकोडमध्ये यासाठी ‘ऱ’ हे वेगळं अक्षर आहे. नंबर २३५३, र (२३५२) आणि ल (२३५४) यांच्या मधोमध. ऱ, हलन्त, य अशा कळा दाबल्या की ‘ऱ्य’ तयार. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून र ची कळ दाबली की ऱ येतो. मी त्या मुलीलाच लॅपटॉपसमोर बसवलं. तिने एका बोटाने तीन कळा दाबल्या. दर्या गेला आणि दऱ्या परत आल्या. ती म्हणाली, “आता झालं माह्यं वाक्य!”

जाता जाता ल आणि श सुद्धा तपासले. काही फॉन्टमध्ये ते हिंदी वळणाचे येतात. मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श वापरावा, असं महाराष्ट्र शासनाने २०२२ साली ठरवलं आहे. बऱ्याच नव्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात. मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली की आपलं वळण येतं.

२६ जानेवारीला पुस्तक निघालं. तिने आपलं पान सगळ्या गावासमोर मोठ्याने वाचलं.

आणि मग संध्याकाळी तीच धावत आली. “मॅडम, अनुक्रमणिकेत माह्या पानाचा नंबर ९ पाहिजे, ६ झाला!” एवढं तपासूनही एक चूक राहिलीच.

क्नुथ आपल्या पुस्तकांत चूक शोधून देणाऱ्याला २ डॉलर ५६ सेंट बक्षीस ठेवत. २५६ सेंट का? दोनला दोनने गुणत चला, आठ वेळा दोन घेतले की उत्तर येईल. संगणकाचा हा लाडका आकडा. दुरुस्त्या करता करता त्यांच्या टेकच्या आवृत्तीचा क्रमांकही पायच्या दिशेने एकेक अंकाने वाढत गेला. २०२१ साली तो ३.१४१५९२६५३ झाला. पुढे कधी संपेल हे? पायचे अंक संपत नाहीत ना!

डॉलर काही माझ्याकडे नव्हते. मी तिला नवं खोडरबर दिलं. आता आमच्या वर्गाचा नियमच आहे: छापलेल्यात चूक दाखवा, खोडरबर मिळवा. या वर्षी मला बहुतेक डबाभर आणावी लागतील!

करून पाहा

१. घरातल्या मोबाईलवर ‘कि’ टाईप करा आणि एकदाच मागे पुसा. डावीकडची वेलांटी जाते, ‘क’ राहतो. वेलांटी दिसते आधी, पण साठवली जाते क नंतर!

२. ‘आचार्याला’ आणि ‘आचाऱ्याला’ हे दोन्ही शब्द टाईप करून दाखवा.

३. तुमच्या घरी आलेल्या एखाद्या लग्नपत्रिकेत किंवा दुकानाच्या पाटीवर ‘ऱ्य’च्या जागी ‘र्य’ झालंय का, शोधा. सापडलं तर हसू नका, सुधारून सांगा.