चारशे शुभेच्छापत्रे

बंगळूर शहराच्या पूर्वेस महादेवपुरा हा भाग आहे. एकेकाळचे हे खेडे. आज तेथे संगणक-व्यवसायाच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत. सरकारी नोकरीच्या निमित्ताने तेथे बिऱ्हाड केले, तेव्हा शेजारच्या ख्रिस्ती गृहस्थांनी एके दिवशी सहज विचारले, "आमच्या मंडळीसाठी नाताळची चारशे पत्रे हाताने करावयाची आहेत, याल का मदतीला?" फायलींवर शेरे मारण्यापलीकडे या हातांना कसलीच कला अवगत नाही. तरी गेलो.

मनात आले, चारशे पत्रे हाताने करण्याचा हा हट्ट कशासाठी? गंमत अशी की, नाताळचे छापील पत्र जन्माला आले तेच मुळी हाताचे श्रम वाचविण्यासाठी. १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल या कामाच्या गर्दीत बुडालेल्या गृहस्थाला स्नेह्यांना पत्रे लिहिण्यास सवड होईना. त्याने हॉर्सली नामक चित्रकाराकडून चित्र काढून घेऊन त्याच्या हजार प्रती शिळाछापावर काढविल्या. मात्र त्यांत रंग भरले ते हातानेच! रेषा छापाची आणि रंग हाताचा, ही वाटणी तेव्हापासूनची आहे, आणि चारशे पत्रे करू म्हणणाऱ्याने प्रथम तीच ठरवावी लागते. प्रत्येक पत्र स्वतंत्र रंगवू म्हणणाऱ्याचा उत्साह तिसाव्या पत्रापाशी संपतो.

आरंभ चित्रापासून करू नये, लिफाफ्यापासून करावा. बाजारात मिळतो त्या लिफाफ्यात बसेल एवढेच पत्र. आम्ही बावीस इंच रुंद व तीस इंच लांब असे हातकागदाचे ताव घेतले. दोन्ही बाजूंनी चार-चार भाग केले की एका तावाचे सोळा तुकडे होतात आणि चिंधीही वाया जात नाही. म्हणजे चारशेंना पंचवीस ताव. बिघाडासाठी आणखी तीन. हा हिशेब मात्र मला जमला.

हातकागद सुती चिंध्यांच्या लगद्यापासून करता येतो. पुण्यात १९४० साली या धंद्याच्या पुनरुज्जीवनासाठी संस्था निघाली, हे पुष्कळांना ठाऊक असेल. यंत्रावरच्या कागदात तंतू एका दिशेने निजलेले असतात. त्यांना आडवी घडी घातली की कड फुटते. हातकागदात दिशेची ही अडचण फारशी येत नाही, पण जाडी आडवी येते. मी घाईने साठ पत्रे तशीच दुमडली आणि साठांच्याही पाठी खरबरीत झाल्या. शाई संपलेल्या बॉलपेनने पट्टीच्या कडेने रेघ दाबून घ्यावी, मग घडी घालावी, हे त्यानंतर कळले.

चित्राविषयी वाद झाला. बर्फ आणि सूचिपर्णी झाडे बंगळुरात कोणी पाहिली आहेत? गोव्यात जन्मलेले व पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिलेले चित्रकार आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांनी मरियेला साडी नेसवून रंगविले, हे मी सांगितले तेव्हा वाद मिटला. दारावर टांगतात तशी कागदी चांदणी आणि खाली पणती, एवढेच चित्र ठरले. ते लिनोलियमच्या तुकड्यावर उलटे कोरावयाचे, शाईचा रूळ फिरवावयाचा, कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासावयाचे. ओल्या प्रती एकमेकींवर ठेवू नयेत. कपड्यांसारख्या दोरीवर चिमट्यांनी टांगून निदान एक दिवस वाळवाव्यात. पणतीची ज्योत तेवढी मुलांनी पिवळ्या रंगात बोटाने टेकविली.

शेवटी नावे. यादीत चाळीसेक माणसे अंथरुणास खिळलेली किंवा एकटी राहणारी होती. त्यांची मुले परदेशांत. त्यांची पत्रे टपालाने न पाठवता घरी नेऊन द्यावयाची होती. "यांना कोणत्या लिपीत लिहावे?" असे एका मुलीने विचारले. कन्नड, तमिळ, मल्याळम, इंग्रजी, असे गठ्ठे पडले. एक पत्र उरले. नगरकडून पन्नास वर्षांपूर्वी येथे आलेल्या एका वृद्ध बाईंचे ते होते. त्यांचे नाव मी देवनागरीत लिहिले आणि पत्र द्यायलाही मीच गेलो.